आडात नसेल तर पोहऱ्यात येतच नाही का? जिमनॅस्टिक्स आणि जीन्स, सोप्या भाषेत

एका मुलीपासून सुरुवात करते, कारण जिमनॅस्टिक्स आणि आनुवंशिकता हा विषय निघाला की मला सगळ्यात आधी तीच आठवते. जेन ब्रिकर तिचं नाव. १९८७ मध्ये अमेरिकेत जन्मली, जन्मापासून दोन्ही पाय नाहीत, जन्मदात्यांनी तिला हॉस्पिटलमध्येच सोडलं आणि काही महिन्यांची असताना ब्रिकर कुटुंबाने तिला दत्तक घेऊन घरी आणलं. ही पोरगी मोठी झाली ती जिमनॅस्टिक्सच्या वेडातच, टीव्हीवर ते लागलं की तिथून हलायची नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मुलींनी पहिल्यांदा टीमचं गोल्ड जिंकलं, त्या टीममधली सगळ्यात लहान, १४ वर्षांची डॉमिनिक मोचियानू ही जेनची सगळ्यात लाडकी खेळाडू. पुढे जेन स्वतः टम्बलिंग, म्हणजे सलग कोलांटउड्या मारायचा प्रकार, शिकली, दोन्ही पाय असलेल्या मुलींसोबत स्पर्धेत उतरली आणि आपल्या राज्याची चॅम्पियन झाली. मग १६ व्या वर्षी तिने आईला विचारलं, माझ्या जन्माच्या घराबद्दल तू मला सांगितलं नाहीस असं काही आहे का? तेव्हा आईने सांगितलं की तुझं जन्माचं आडनाव मोचियानू आहे. म्हणजे डॉमिनिक तिची सख्खी मोठी बहीण, आणि दोघींचे आईवडील दोघेही रोमानियात जिमनॅस्टिक्स केलेले!

हे ऐकलं की कोणीही म्हणेल, झालं, रक्तातच होतं ते. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. पण त्याच गोष्टीत अजून एक तपशील आहे जो लोक सांगायचा विसरतात. ब्रिकरांच्या घरात 'मला जमणार नाही' हे वाक्य उच्चारायचंच नाही असा नियम होता, घरात तीन मोठे भाऊ होते, आणि हिला कुठल्याही गोष्टीपासून कोणी अडवलं नाही. मग चॅम्पियन कोणी केली, मोचियानूंच्या जीन्सनी, म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या शरीर घडवणाऱ्या सूचनांनी, की ब्रिकरांच्या घराने? एका माणसाच्या गोष्टीवरून याचं उत्तर मिळत नाही, गोष्ट कितीही भारी असली तरी.

उत्तर शोधायला शास्त्रज्ञ जुळ्यांकडे जातात. एकसारखे दिसणारे जुळे एकाच अंड्यापासून झालेले असतात, त्यांचे जीन्स जवळपास शंभर टक्के सारखे, आणि वेगळे दिसणारे जुळे म्हणजे एकाच वेळी जन्मलेली साधी भावंडं, त्यांच्यात सरासरी निम्मं साम्य. दोन्ही प्रकारचे जुळे एकाच घरात, एकाच वेळी वाढतात, त्यामुळे एखाद्या गोष्टीत सारखे जुळे एकमेकांसारखे जास्त निघाले आणि वेगळे जुळे कमी, तर तो जास्तीचा सारखेपणा जीन्समुळे आला असं धरता येतं. ब्रिटनमधल्या जुळ्या बायकांवर असा एक अभ्यास २००७ साली आला, त्यात 'स्पर्धात्मक पातळीवर खेळणारी असणं' या गोष्टीचा साधारण ६६ टक्के वाटा आनुवंशिक निघाला.

आता इथे जरा थांबूया, कारण हा आकडा बहुतेक लोक चुकीचा वाचतात. ६६ टक्के म्हणजे तुमच्या यशातले ६६ मार्क जीन्सनी दिले आणि उरलेले ३४ मेहनतीने मिळवायचे, असं अजिबात नाही. हा आकडा एका माणसाबद्दल काही बोलतच नाही, तो बोलतो एका समूहातल्या माणसामाणसांमधल्या फरकाबद्दल. समजा एका समूहात सगळ्यांना अगदी सारखी ट्रेनिंग, सारखं खाणं, सारखी झोप मिळाली तर तिथे जो काही फरक उरेल तो जवळपास सगळा जीन्सचा असेल, म्हणजे आनुवंशिकतेचा आकडा वाढेल. आणि जिथे निम्म्या मुलांना जिम बघायलाही मिळत नाही तिथे तोच आकडा कमी येईल. माणसं तीच, जीन्स तेच, आकडा वेगळा. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

बरं, जीन्स जिमनॅस्टिक्समध्ये सगळ्यात उघडपणे कुठे दिसतात? उंचीत. अमेरिकेची सिमोन बाइल्स १४२ सेंटीमीटर म्हणजे ४ फूट ८ इंच, रिंग्जवर २०१२ चं ऑलिंपिक गोल्ड जिंकलेला ब्राझीलचा आर्थर झानेट्टी १५६ सेंटीमीटर, आणि २०१२ व २०१६ अशी सलग दोन ऑलिंपिक ऑल-अराउंड (सगळ्या उपकरणांवरचे गुण मिळून) गोल्ड जिंकणारा जपानचा कोहेई उचिमुरा १६२ सेंटीमीटर. ही योगायोगाची गोष्ट नाही, हे शुद्ध भौतिकशास्त्र आहे, आणि ते मी नीट सांगणार आहे कारण माझ्या मते या विषयाचा खरा गाभा तिथेच आहे.

अशी कल्पना करा की दोन मुली आहेत, बांधा हुबेहूब सारखा, फक्त दुसरी पहिलीपेक्षा सगळ्या बाजूंनी १० टक्के मोठी. उंची १० टक्के जास्त, रुंदी १० टक्के जास्त, जाडीही तेवढीच जास्त. तिचं वजन किती जास्त असेल? १० टक्के नाही. वजन तिन्ही बाजूंनी वाढतं, म्हणून ते ३३ टक्के जास्त. आणि ताकद? स्नायूची ताकद ठरते तो आडवा कापला तर किती जाड दिसतो त्यावर, म्हणजे फक्त दोन बाजूंनी, म्हणून ती २१ टक्केच जास्त. म्हणजे मोठी मुलगी एकूण ताकदीने पुढे, पण स्वतःचं वजन उचलायच्या हिशोबात मागे. वेटलिफ्टिंगमध्ये लोखंड उचलायचं असतं म्हणून तिथे वरच्या वजनगटातला माणूस जास्त किलो उचलतो, जिमनॅस्टिक्समध्ये मात्र उचलायचं असतं ते स्वतःला.

आणि खरा धक्का पुढे आहे. हवेत फिरताना शरीर फिरवायला किती जड जातं हे फक्त वजनावर नाही, तर ते वजन फिरण्याच्या अक्षापासून किती लांब आहे त्यावर ठरतं, आणि ते अंतर हिशोबात दोनदा धरलं जातं. त्यामुळे आपली १० टक्के मोठी मुलगी फिरवायला तब्बल ६१ टक्के जड! तिला त्याच वेगाने सॉल्टो (हवेतली कोलांटी) मारायचा असेल तर जमीन सोडताना तेवढंच जास्तीचं फिरणं शरीरात भरून घ्यावं लागणार. म्हणून टक मारताना सगळे गुडघे छातीशी ओढून घेतात, शरीर लहान केलं की फिरणं वेगात होतं, आणि जी मुळातच लहान आहे तिला ही सवलत जन्मापासून मिळालेली असते. बाइल्सने २०१९ मध्ये फ्लोअरवर दोन सॉल्टोंमध्ये तीन ट्विस्ट (स्वतःभोवतीच्या गिरक्या) बसवले, ते बघताना हे गणित डोळ्यांसमोर ठेवून बघा, वेगळीच मजा येते. अर्थात १४२ सेंटीमीटरच्या बायका जगात लाखोंनी असतील, आणि ती उडी मारणारी ही पहिलीच.

आता उंची किती आनुवंशिक? चांगलं खायला मिळणाऱ्या समाजात माणसामाणसांमधल्या उंचीच्या फरकाचा साधारण ८० टक्के वाटा आनुवंशिक असतो. पण 'उंचीचा जीन' म्हणून शोधायला गेलात तर सापडणार नाही. २०२२ मध्ये ५० लाखांपेक्षा जास्त लोकांच्या डीएनएचा एक प्रचंड अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उंचीशी संबंध असलेल्या १२,१११ जागा सापडल्या. बारा हजार! प्रत्येक जागा उंची अगदी नखभरही नाही, मिलिमीटरच्या हिशोबात इकडेतिकडे करणार, आणि हे सगळे बारीक बारीक वाटे एकत्र येऊन माणूस बुटका की उंच ते ठरणार. उंचीसारखी टेप लावून मोजता येणारी साधी गोष्ट जर बारा हजार जागांवर वाटली गेलेली आहे, तर 'जिमनॅस्टिक्सचं टॅलेंट' ही मोजायलाही अवघड गोष्ट एका-दोन जीन्समध्ये बसेल असं कोणी सांगत असेल तर त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच बघा.

इथे एक गैरसमज आहे जो मी लहानपणापासून ऐकत आलेय, की जिमनॅस्टिक्स केल्याने उंची खुंटते. आंतरराष्ट्रीय जिमनॅस्टिक्स महासंघाच्या वैज्ञानिक समितीने बोलावलेल्या तज्ज्ञांनी हा प्रश्न नीट तपासला आणि २०१३ साली त्याचा अहवाल आला. त्यात निष्कर्ष असा की ट्रेनिंगमुळे मोठेपणीची उंची कमी होते याला पुरावा नाही. ही मुलं खेळ सुरू करायच्या आधीपासूनच लहान चणीची असतात, त्यांचे आईवडीलही सरासरीपेक्षा बुटके असतात, आणि जी उंच होत जातात ती बहुतेक वेळा मध्येच खेळ सोडतात. म्हणजे आपण उलटं बघतो. बास्केटबॉल खेळल्याने माणूस सात फुटी होत नाही, सात फुटी माणूस बास्केटबॉलमध्ये टिकतो, तसंच हे.

त्याला जोडून दुसरी गोष्ट म्हणजे वयात येणं. काही मुली दहाव्या वर्षी वाढीला लागतात, काही चौदाव्या, आणि यातला बराच फरक घराण्यातून येतो, आईची पाळी उशिरा आली असेल तर मुलीचीही उशिरा येण्याची शक्यता जास्त. उशिरा वयात येणाऱ्या मुलीला लहान, हलकं, अरुंद कंबरेचं शरीर दोन-तीन वर्षं जास्त मिळतं, नेमकी ती वर्षं ज्यात अवघड कौशल्यं पक्की होतात. लवकर वाढलेल्या मुलीला मात्र शिकलेल्या सगळ्या उड्या नवीन हातापायांनी पुन्हा बसवाव्या लागतात, वजनाचा मध्य सरकलेला, खांदे-कंबरेचं प्रमाण बदललेलं, काल जमणारी गोष्ट आज जमत नाही आणि का जमत नाही ते कळत नाही. या टप्प्यावर कितीतरी मुली रडत खेळ सोडतात, आणि त्यांना कोणी सांगत नाही की यात तुझी काही चूक नाही, तुझं शरीर फक्त त्याच्या ठरलेल्या वेळेला वाढलं.

पण थांबा, कमी उंची आणि उशिरा वयात येणं हेच 'जिमनॅस्टिक्सचं शरीर' असं नेहमी होतं का? नाही! हंगेरीची अ‍ॅग्नेस केलेटी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ३५ वर्षांची होती आणि गोल्ड जिंकत होती. सोव्हिएत युनियनची लारिसा लातिनिना हिने १८ ऑलिंपिक मेडल्स मिळवली, ती पूर्ण वाढ झालेली बाई होती, आई झाल्यावरही जिंकली. त्या काळात कौशल्यापेक्षा डौलाला मान होता, उड्या सोप्या होत्या. मग १९७६ ला माँट्रियलमध्ये १४ वर्षांच्या नादिया कोमानेचीला परफेक्ट १० मिळाले, आणि पुढे उड्या अवघड होत गेल्या तसा लहान चणीला भाव आला. नंतर १९९७ पासून मुलींसाठी मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना किमान वय १६ झालं. म्हणजे जीन्स माणसांमध्ये तेच होते, पण कोणते जीन्स 'चांगले' हे नियम आणि उपकरणं ठरवत आली. उद्या डौलाला पुन्हा जास्त मार्क दिले तर पोडियमवर वेगळी शरीरं दिसतील, आणि आपण म्हणू की यांच्या रक्तातच आहे.

आणि नियमाला अपवाद कसा असतो ते बघायचं तर रशियाची स्वेतलाना खोरकिना. उंची १६५ सेंटीमीटर, जिमनॅस्टिक्सच्या मानाने ताडमाड. १९९६ आणि २००० अशा दोन ऑलिंपिकमध्ये अनइव्हन बार्सचं (एक वर, एक खाली अशा दोन दांड्यांचं) गोल्ड हिचंच, शिवाय तीन वेळा ऑल-अराउंड वर्ल्ड चॅम्पियन. तिने काय केलं, तर तिच्या लांब शरीराला साजतील अशा नव्या हालचाली बसवल्या, त्यातल्या कितीतरी आज तिच्या नावाने ओळखल्या जातात. लांब हातपाय बारवर झोका घेताना जी रेष काढतात ती बुटक्या शरीराला काढताच येत नाही.

आता स्नायूंकडे येऊ, कारण 'स्पीड जीन' हा शब्द तुम्ही कुठेतरी ऐकला असेल. आपल्या स्नायूंमध्ये ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात, संथ आणि वेगवान. संथ तंतू तासन् तास काम करतात, वेगवान तंतू एका झटक्यात प्रचंड जोर देतात आणि लगेच थकतात. जिमनॅस्टिक्स हा झटक्याचा खेळ, व्हॉल्टची (धावत येऊन उपकरणावर हात टेकून मारायची उडी) धाव आणि उडी काही सेकंदांत संपते, मुलींचं फ्लोअर जास्तीत जास्त ९० सेकंद. वेगवान तंतूंमध्ये एक प्रोटीन असतं, ते तयार करण्याची कृती एसीटीएन-३ नावाच्या जीनमध्ये लिहिलेली असते. पण काही लोकांच्या कृतीत ५७७ व्या जागी चुकून पूर्णविराम पडलेला असतो, म्हणजे वाचता वाचता तिथेच थांबायचं, प्रोटीन तयारच होत नाही. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून अशी पूर्णविरामवाली प्रत आली तर त्या माणसात हे प्रोटीन शून्य. आणि असे लोक जगात साधारण पाच-सहात एक असतात, त्यांना त्याचा काही आजार नसतो, त्यांना माहीतही नसतं.

२००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वरच्या पातळीचे खेळाडू तपासले. सामान्य लोकांमध्ये या प्रोटीनशिवायचे १८ टक्के, पण स्प्रिंट आणि पॉवरच्या खेळाडूंमध्ये फक्त ६ टक्के, आणि त्यातल्या ऑलिंपियनमध्ये एकही नाही. तेव्हापासून हा जीन गाजला. फरक खरा आहे, नंतरही पुन्हा पुन्हा दिसलाय. पण त्याचा अर्थ काय? जगातल्या बहुतेक लोकांकडे या जीनची 'चांगली' प्रत किमान एक तरी असतेच. तुमच्याकडे आहे, शेजाऱ्याकडे आहे, सोफ्यावरून न उठणाऱ्या माणसाकडेही आहे. माणसांच्या स्नायूंच्या कामगिरीतला अगदी दोन-तीन टक्के फरक या जीनने समजतो, बाकीचा सगळा दुसरीकडून येतो. आणि हे प्रोटीन अजिबात नसलेला, तरी ऑलिंपिकपर्यंत पोचलेला एक स्पॅनिश लांब उडीपटूही संशोधकांना सापडला होता.

एकाच जीनने मोठा फरक पडतो अशी उदाहरणं आहेत, पण ती अगदी विरळ. फिनलंडचा स्कीअर एरो मँटिरँटा, सात ऑलिंपिक मेडल्स, त्याच्या घराण्यात एक बदललेला जीन होता ज्यामुळे रक्तात लाल पेशी खूप जास्त व्हायच्या, त्यामुळे ऑक्सिजन जास्त. २००४ साली जर्मनीतल्या एका मुलाबद्दल डॉक्टरांनी लिहिलं, त्याच्यात स्नायूंची वाढ आवरणारं मायोस्टॅटिन बनतच नव्हतं, साडेचार वर्षांचा असताना तो दोन्ही हात आडवे ताणून प्रत्येकात तीन किलोचा डंबेल धरायचा. पण जिमनॅस्टिक्ससाठी असा एखादा जीन आजपर्यंत सापडलेला नाही, आणि मला वाटतं सापडणारही नाही, कारण हा खेळ कुठल्याही एका गोष्टीवर चालत नाही. जोर हवा, हलकेपणा हवा, लवचिकता हवी, हवेतलं भान हवं, दहा सेंटीमीटरच्या बीमवर लाखो लोक बघत असताना हात न थरथरणं हवं.

लवचिकतेबद्दल जरा सविस्तर, कारण इथे पालकांची आणि कधी कधी कोचचीही फसगत होते. सांध्यांभोवतीचे अस्थिबंध, स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे, हे सगळं मुख्यतः कोलॅजन नावाच्या दोरखंडासारख्या प्रोटीनचं बनलेलं असतं. कोलॅजनच्या कृती बऱ्याच वेगवेगळ्या जीन्समध्ये लिहिलेल्या असतात आणि त्यातल्या बारीक फरकांमुळे कोणाचे दोर घट्ट, कोणाचे सैल. ब्रिटनमधल्या जुळ्या बायकांच्या अभ्यासात सांधे जास्त सैल असण्यातला साधारण ७० टक्के फरक आनुवंशिक निघाला. म्हणून एखादी मुलगी पहिल्याच दिवशी स्प्लिट मारते, म्हणजे पाय पूर्ण फाकवून जमिनीवर बसते, आणि तिच्या शेजारची वर्षभर ताणत बसते. त्यात हाडांचाही भाग असतो, खुब्याची वाटी किती खोल आहे आणि कोणत्या दिशेला उघडते हे जन्मासोबत येतं, हाडाला हाड लागलं की कितीही ताणलं तरी पुढे जात नाही. तिथे मुलीच्या पाठीवर बसून ताणणं म्हणजे निव्वळ इजा करणं.

पण पहिल्या दिवशी स्प्लिट मारणारी मुलगी नशीबवान असंही नाही हं. सांधे सैल म्हणजे लँडिंगच्या वेळी गुडघा, घोटा, खांदा जागेवर धरून ठेवायला स्नायूंना दुप्पट काम. काहींमध्ये तर हा सैलपणा आजाराच्या पातळीचा असतो, सांधे निखळतात, कातडी ताणली जाते, त्याला एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम म्हणतात. कोचच्या डोळ्यांना जी 'नैसर्गिक देणगी' दिसते ती कधी कधी तपासून घेण्यासारखी गोष्ट असते. त्यासाठी महागडी टेस्टही लागत नाही, करंगळी मागे किती वळते, अंगठा मनगटाला टेकतो का, कोपर आणि गुडघे उलटे वाकतात का, पाय ताठ ठेवून तळवे जमिनीला लागतात का, एवढं बघून नऊपैकी मार्क देतात, त्याला बेटन स्कोअर म्हणतात. जास्त मार्क आले तर त्या मुलीला अजून ताणायचं नाही, तिला ताकद आणि नियंत्रण शिकवायचं. आनुवंशिकता माहीत असण्याचा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, कोणाला निवडायचं यासाठी नाही तर कोणाला कसं जपायचं यासाठी.

हवेतलं भान हा तर माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. डोळे मिटून नाकाला बोट लावा. लागलं ना? हात कुठे आहे हे मेंदूला न बघता कळतं, कारण स्नायूंमध्ये आणि कंडऱ्यांमध्ये ताण मोजणारे बारीक सेन्सर असतात. त्यातलं एक महत्त्वाचं प्रोटीन पीझो-२, यासंबंधीच्या शोधासाठी आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. ज्या अत्यंत विरळ लोकांमध्ये या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात ते लोक बघून बघून चालायला शिकतात, पण डोळ्यांवर पट्टी बांधली की कोसळतात. म्हणजे शरीराचं भान येण्यासाठी लागणारं यंत्र जीन्सच बनवून देतात हे पक्कं. पण ते यंत्र तुमच्याआमच्याकडे सगळ्यांकडे आहे, आणि त्यावर दोन सॉल्टो तीन ट्विस्टचा हिशोब बसवायचा असेल तर तो हजारो वेळा फोमच्या खड्ड्यात पडूनच बसतो. आणि बसलेला हिशोब हलूही शकतो. २०२१ मध्ये टोकियोत बाइल्सला हवेत आपण कुठे आहोत तेच कळेनासं झालं, खेळाडू त्याला ट्विस्टीज म्हणतात, आणि ती बऱ्याच फायनल्समधून बाजूला झाली. तिचे जीन्स २०१६ ला जे होते तेच २०२१ ला होते. २०२४ ला पॅरिसमध्ये तिने तीन गोल्ड घेतली तेव्हाही तेच.

आता सगळ्यात गुंतागुंतीचा मुद्दा. जीन्स आणि वातावरण हे दोन वेगळे डबे नाहीत, ते एकमेकांत मुरतात. समजा एक लहान चणीची, जरा लवचिक, जरा बिनधास्त मुलगी आहे, फरक अगदी थोडासा. बागेत तिने कोलांटउडी मारली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिला मजा वाटली, तिने अजून मारल्या. आईने क्लासला घातलं, कोचने पहिल्या महिन्यात हेरलं, चांगल्या बॅचला टाकलं, जास्त तास मिळाले, चांगली उपकरणं मिळाली. दहा वर्षांनी ती आणि तिच्यासारखीच पण थोडी कमी लवचिक असलेली मुलगी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो, आणि अभ्यासात तो 'आनुवंशिक' म्हणून मोजला जातो, पण त्यातला मोठा भाग टाळ्यांचा आणि तासांचा असतो. नास्तिया ल्युकिन घ्या, २००८ ची ऑलिंपिक ऑल-अराउंड चॅम्पियन. वडील वलेरी ल्युकिन यांनी १९८८ ला सोलमध्ये दोन गोल्ड, दोन सिल्व्हर जिंकलेली, आई अ‍ॅना कोचनेवा ऱ्हिदमिक जिमनॅस्टिक्सची वर्ल्ड चॅम्पियन. जीन्स तर आलेच, पण सोबत घरचीच जिम आली आणि कोच म्हणून स्वतः वडील आले. उचिमुराचंही तेच, आईवडील दोघे जिमनॅस्ट आणि घरची जिम. यातलं काय रक्तातून आलं आणि काय घरातून, हे वेगळं काढणं म्हणजे दुधात विरघळलेली साखर वेचायला बसणं.

उलट बाजूने दीपा कर्माकर बघा. तिच्या पायांचे तळवे सपाट होते, आणि सपाट तळवे ही व्हॉल्टसाठी वाईट गोष्ट, धावताना आणि उडी घेताना पायाची कमान स्प्रिंगसारखी काम करते ती नीट मिळत नाही. निवडीचे निकष कडक असते तर तिला कदाचित पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं. तिच्या कोचने वर्षानुवर्षं त्यावर काम केलं, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती प्रोदुनोव्हासारखी, म्हणजे हवेत पुढच्या दिशेने दोन कोलांट्या घ्यायची, भीतीदायक व्हॉल्ट मारून १५.०६६ गुणांसह चौथी आली, मेडल ०.१५० ने हुकलं. आणि उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना, १७ व्या वर्षी पहिलं ऑलिंपिक आणि ४६ व्या वर्षी आठवं, मधे ३३ व्या वर्षी व्हॉल्टचं सिल्व्हर. अशी माणसं कुठल्या डीएनए रिपोर्टमध्ये ओळखू आली असती?

कारण रिपोर्ट विकले जातातच. थुंकी पाठवा, काही आठवड्यांत पीडीएफ येतो, तुमचं मूल 'पॉवर टाइप' आहे की 'एन्ड्युरन्स टाइप', कुठला खेळ निवडा वगैरे. त्यात बहुतेक वेळा तोच एसीटीएन-३ आणि अजून मूठभर जीन्स असतात. या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन २०१५ मध्ये स्पष्ट लिहिलं की टॅलेंट शोधायला किंवा ट्रेनिंग ठरवायला अशा टेस्टचा सध्याच्या ज्ञानावर काही उपयोग नाही, आणि मुलांच्या बाबतीत तर करूच नये. मी पूर्ण सहमत आहे. उंचीचा अंदाज हवा असेल तर आईवडिलांची उंची बघा, लवचिकता बघायची असेल तर मुलाला खाली वाकायला सांगा, आणि आवड बघायची असेल तर क्लास संपल्यावर ते घरी यायला तयार आहे की अजून एकदा म्हणत हट्ट करतंय ते बघा.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. 'लहान शरीर चांगलं' हे वाक्य चुकीच्या हातात गेलं की त्याचं 'कमी खा' होतं. उंची, हाडांची जाडी, खांदे-कंबरेचं प्रमाण हे जीन्सनी ठरवलेलं आहे, ते उपाशी राहून बदलत नाही. उपाशी राहिल्याने काय होतं, तर पाळी लांबते किंवा थांबते, हाडांना लागणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी पडतं, आणि नेमक्या ज्या वयात हाडं आयुष्यभराची मजबुती साठवतात त्या वयात ती पोकळ राहतात, मग पाठीच्या मणक्याला, नडगीला बारीक फ्रॅक्चर. खरं तर जिमनॅस्टची हाडं उड्यांच्या धक्क्याने इतर मुलींपेक्षा जास्त घट्ट व्हायला हवीत, खाणं पुरेसं असेल तर तशी होतातही. उशिरा वयात येणं आनुवंशिक असू शकतं, पण ते आनुवंशिक आहे की भुकेमुळे आहे हे बाहेरून बघून कळत नाही, म्हणून आईला, मावशीला, मोठ्या बहिणीला पाळी कधी आली ते विचारा, मुलीचं वजन-उंची दर काही महिन्यांनी लिहून ठेवा, आणि १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल किंवा आलेली पाळी तीन महिने गायब असेल तर 'खेळाडूंचं असंच असतं' म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा, कोच काहीही म्हणो.